चार नळ्यांचा एक नग

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असं मला वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढे गेलेलं नाही, आणि मीही अजून इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातच आहे. लिहिणाऱ्या लोकांनी पुष्कळ काही पाहिलेलं असतं. मी पाहिलंय ते बहुतेक मोबाइलच्या काचेतून, आणि तेही जुन्या गाड्यांचे सुटे भाग. तरी लिहितोय, कारण या प्रकरणात मी लिहिलेले दोन कागद एका कंपनीच्या फायलीत लागलेत आणि ते दोन्ही मला म्हणायचं होतं त्याच्या उलट बोलतात. तिसऱ्यांदा तरी नीट सांगता येतंय का, बघतो. चुकलं तर सोडून द्या.

आम्ही मूळचे बीडकडचे. थेरगावात डांगे चौकाच्या मागे दोन खोल्यांत राहतो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा चाकणच्या एका कास्टिंगच्या, म्हणजे धातू ओतून गाड्यांचे भाग करणाऱ्या कंपनीत, ठेकेदाराच्या हाताखाली, भंगार यार्डात काम करायचे. ठेकेदाराच्या माणसाला कंपनीत नोकरी नसते, पास असतो. गळ्यात अडकवायचं प्लॅस्टिकचं कार्ड. दर सहा महिन्यांनी ते नवं होऊन येतं, किंवा येत नाही. नऊ वर्षं अण्णांचं येत राहिलं. खोलीचं भाडं, माझी फी, बहिणीची दहावी, सगळं त्या कार्डाला लटकलेलं होतं. खंडेनवमीला अण्णांचे पाने-पक्कड पुजायला मांडायचो, त्यात आई तो पासही ठेवायची. मला तेव्हा हसू यायचं.

दुसऱ्या वर्षाला असताना मी चिंचवडला जपानी भाषेचा क्लास लावला. चाकण-तळेगावात जपानी कंपन्या भरपूर आणि जपानी येणाऱ्या इंजिनिअरला त्या लवकर घेतात, असं सगळे म्हणायचे. कॉलेजातली मुलं चिडवायची, "काय जपान्या, आधी इंग्रजीचा बॅकलॉग काढ की." बॅकलॉग होताच, त्यामुळे उत्तर देता यायचं नाही.

त्या क्लासात एक गृहस्थ यायचे. वाकडला राहणारे, आयटीत मोठ्या हुद्द्यावर, चाळिशी ओलांडलेले. मी त्यांना सर म्हणायचो. त्यांना भाषेशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांच्याकडे पंचवीस वर्षांपूर्वीची एक पांढरी जपानी गाडी होती आणि तिच्या एका भागासाठी त्यांना जपानी वेबसाइट वाचायच्या होत्या. महिनाभरात लिपीला कंटाळून त्यांनी क्लास सोडला, पण माझा नंबर घेऊन गेले.

गाडी दिसायला साधी, चार दारांची. रस्त्यावर दिसली तर कुणी वळून बघणार नाही. पण इंजिन वेगळं होतं. एका ठरावीक वेगानंतर त्याचा आवाजच बदलायचा, जणू आत दुसरंच इंजिन सुरू झालं. सरांनी मला एकदा रावेतहून एक्स्प्रेसवेवर नेलं आणि तो आवाज ऐकवला. त्या दिवशी मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की यंत्रावर जीव लावणं म्हणजे काय ते मला कळलं. आज ते आठवलं की स्वतःचीच कीव येते. पण खोटं कशाला बोलू, तेव्हा अंगावर काटा आला होता.

त्या गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड तडकला होता. हवा इंजिनाच्या चारही सिलिंडरांत वाटून देणारा हा भाग, अॅल्युमिनियमच्या चार वळलेल्या नळ्या एका पट्टीला जोडल्यासारखा दिसतो. आधीच्या कुणा मेकॅनिकने बोल्ट जास्त आवळले होते. वेल्डिंग दोनदा केलं, दोनदा सुटलं. त्याच गाडीच्या साध्या मॉडेलचा मॅनिफोल्ड चालत नाही, कारण या इंजिनाची हवेची भोकं मोठी आहेत. आणि या इंजिनाच्या गाड्या मुळातच थोड्या आल्या.

मी शोधायला लागलो. सुरुवातीला गाडीचं नाव टाकून शोधायचो, काहीच सापडायचं नाही. मग हळूहळू कळलं की जुन्या गाड्या मोडून विकणारे जपानी लोक गाडीचं नाव लिहीतच नाहीत. ते लिहितात इंजिनाचा कोड, आणि भागाचं नाव कधी पूर्ण, कधी अर्धं, कधी नुसतं 'हवेचा पाइप'. म्हणून मी नावं सोडली आणि फोटो बघायला लागलो. कास्टिंगवर उमटलेला नंबर, पट्टीवरच्या भोकांची संख्या, एका कोपऱ्यातला छोटा उंचवटा. बसमध्ये, कँटीनच्या रांगेत, लेक्चरला, मी तेच बघायचो. शंभर फोटोंतून साध्या मॉडेलचा कुठला आणि आपला कुठला, हे दोन सेकंदांत सांगता यायला लागलं.

त्या विक्रेत्यांचं मला फार कौतुक वाटायचं. वस्तू चांगली असली तरी वर 'भंगार' लिहायचे. प्रत्येक ओरखड्याचा वेगळा फोटो, ओरखड्याकडे दाखवणारं हातमोज्यातलं बोट. खाली दोन ओळी: हा भाग अमुक ठिकाणी घासलेला आहे, तमुक बोल्ट नाही, हे समजून घेऊनच बोली लावावी. मला वाटायचं, व्यवहार असा असावा. आहे ते सगळं लिहून टाकायचं, म्हणजे कुणी कुणाला दोष देत नाही. हे मी मनात फारच पक्कं करून घेतलं.

आठ महिन्यांत दोन सापडले. पहिल्याची बोली शेवटच्या मिनिटाला कुणीतरी वाढवली, मग आणखी कुणीतरी, आणि सर मीटिंगमध्ये होते. दुसरा माल पाठवणाऱ्या एजंटमार्फत आला, कस्टममध्ये पाच आठवडे पडून राहिला आणि उघडला तर साध्या मॉडेलचा. फोटो बरोबर होता, माल दुसराच आला. सर फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "भावा, तुझ्या जपान्यांनी पण फसवलं की." मला वाटलं ते मलाच म्हणाले.

त्यानंतर एका रविवारी मी घरी जेवायला बसलो होतो, ताटाशेजारी मोबाइल, त्यावर नव्या लिलावातला फोटो. अण्णांनी भाकरी मोडता मोडता वाकून बघितलं.

"हे कशाला बघायलास?"

मी म्हणालो, एका सरांना पाहिजे आहे, सगळ्या जपानात शोधतोय.

अण्णा हसले. "जपानात कशाला? हे तर मी रोज कापायलोय की."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी नीट सांगितलं. त्यांच्या कंपनीने पूर्वी त्या गाडीसाठी हा भाग ओतून दिला होता. गाडी बंद झाल्यावरही काही वर्षं सुट्या भागांचा साठा ठेवावा लागतो, तो मागच्या गोदामात खोक्यांत पडून होता. आता ती मुदत संपली. असा माल नुसता भंगारात विकत नाहीत, कारण कुणी तो बाहेर नवा म्हणून विकेल. म्हणून आधी प्रत्येक नग ग्राइंडरने आडवा कापायचा, वापरता येणार नाही असा करायचा, आणि मग भंगारवाल्याच्या गाडीत. यादीप्रमाणे किती कापले ते लिहून रोज सही करायची. दोन आठवड्यांपासून अण्णा तेच करत होते. खोक्यातून नवा कोरा मॅनिफोल्ड काढायचा आणि कापायचा.

मी विचारलं, एक बाजूला नाही का काढता येणार? अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच मान खाली घातली. ते म्हणाले, "गेटवर डबासुद्धा उघडून बघतात. तसलं काय बोलू नको परत."

आईने विषय बदलला. पण माझं डोकं चालूच राहिलं. चोरी नको, बरोबर. पण मागायला काय हरकत? मी ठरवलं की अर्ज करायचा. आमच्यासारख्या घरात अर्जावर फार विश्वास असतो. स्कॉलरशिप अर्जाने मिळाली, रेशन कार्ड अर्जाने मिळालं, माझी अॅडमिशनही. नीट लिहिलेला कागद योग्य माणसाच्या टेबलावर गेला की तो आपल्यासाठी भांडतो, असंच मला वाटत आलंय. मी इंग्रजीत लिहिलं की अर्जदार आपल्या यार्डात नऊ वर्षं काम करतो, नष्ट करायच्या मालातला एक नग भंगाराच्या दराने रीतसर पावती करून मिळावा, तो एका जुन्या गाडीत बसवायचा आहे, पुन्हा विकला जाणार नाही. काही लपवलं नाही. अण्णांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांना ते पटलं नव्हतं, पण मुलाने इंग्रजीत अख्खं पान लिहिलंय हे दिसत होतं. 'रीतसर' हा शब्द त्यांनी दोनदा विचारून घेतला. मग सही केली आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला.

त्याच संध्याकाळी मी सरांना फोन केला. आनंद मावत नव्हता. कंपनी कुठली, कुठल्या चौकातून आत जायचं, गोदाम कुठल्या बाजूला, माल अजून किती उरला असेल, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं म्हणून नाही, मीच सांगत सुटलो. सर म्हणाले, "एक नंबर भावा. तू हिरा आहेस."

अर्जाचं उत्तर आलं नाही. सुपरवायझर साहेबांनी तो वाचून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि अण्णांना म्हणाले की वर पाठवतो. सरांचेही फोन थांबले. मला वाटलं कामात असतील. मी तिकडे जपानी साइटवर शोधतच होतो, आपला एक मार्ग चालू असावा म्हणून.

तीन आठवड्यांनी अण्णा सकाळच्या शिफ्टला गेले आणि दहा वाजता परत आले. गेटवर कार्ड लावलं तर लाल दिवा लागला. माल कापून संपला होता आणि यादीपेक्षा एक नग कमी भरला होता. साहेबांनी त्यांना केबिनमध्येसुद्धा नेलं नाही, सिक्युरिटीच्या खिडकीतच ड्रॉवरमधला कागद दाखवला आणि विचारलं, "अण्णा, एक पाहिजे म्हणून तुम्हीच लिहून दिलं होतं ना?" अण्णा हो म्हणाले. सही त्यांचीच होती. चौकशी होईपर्यंत पास बंद.

अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी डांगे चौकात मजूर उभे राहतात तिथे जाऊन उभे राहायला लागले. तिथे बांधकामाचे ठेकेदार तरुण पोरं उचलतात. बऱ्याचदा अकरा वाजता घरी. आई ओळखीच्या एका बाईबरोबर वाकडला दोन घरी पोळ्या करायला जाऊ लागली. मी कॉलेज सोडतो म्हणालो, तर अण्णा एवढंच म्हणाले, "मग ते इंग्रजी कुणाच्या कामाचं?" यात टोमणा होता का, मला अजून कळलेलं नाही.

या गाडीच्या मालकांचा एक ग्रुप आहे, सरांनीच मला त्यात घेतलं होतं. एका दुपारी त्यात सरांचा फोटो आला. पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडं, आत नवा कोरा मॅनिफोल्ड, आणि खाली लिहिलेलं की अखेर मिळाला. अभिनंदनाचा पाऊस पडला होता. मी सवयीने फोटो मोठा केला, कास्टिंगचा नंबर बघायला. नंबर बरोबर होता. आणि चारही नळ्यांवरून आडवी एक पिवळी रेघ होती.

अण्णा कापायच्या आधी पिवळ्या मार्करने रेघ मारून घेतात. शिफ्ट संपताना उद्याच्या मालाची एक ओळ मांडून सगळ्यांवर रेघा मारून ठेवायच्या, म्हणजे सकाळी सरळ कापत जाता येतं. हा नग संध्याकाळी रेघ मारल्यावर आणि सकाळी अण्णा येण्याआधी कुणीतरी उचलला होता.

मी सरांच्या सोसायटीत गेलो. गेटवर माझा फोटो काढला, फोनवर परवानगी घेतली, मग आत सोडलं. सर खाली पार्किंगमध्येच होते, गाडी पुसत होते. मला बघून खरंच खूश झाले. मी कसंबसं सगळं सांगितलं, अर्ज, गेट, लाल दिवा. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "अरे, मी पैसे देऊन घेतलाय. चोरी थोडीच केलीये? तिथल्या एकाशी ओळख निघाली, त्याने आणून दिला."

"कोण, ते कंपनीत सांगाल का, सर?"

"असं कसं सांगू राव? त्या बिचाऱ्याची नोकरी जाईल."

"माझ्या वडिलांची गेलीये."

सरांनी फडका घडी केला. म्हणाले, "आणि तू तो अर्ज कशाला केलास? मला सांगितलं होतंस ना, मग गप बसायचं. सगळं शांतपणे झालं असतं." नंतर खांद्यावर हात ठेवून म्हणाले की काही लागलं तर सांग, लाजू नको. मी निघताना त्यांनी विचारलं, मागच्या दिव्यांच्या काचा कुठे दिसतात का ते बघशील का, वेळ मिळेल तेव्हा. माझी चीड त्या क्षणी बाहेर आली नाही. मी "बघतो सर" म्हणालो. ते दोन शब्द मला आजही चघळावे लागतात.

घरी अण्णांना फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरून बघितला. म्हणाले, "रेघ माझीच हाय." मी म्हणालो, हा पुरावा आहे, कंपनीत पाठवू. अण्णा म्हणाले, राहू दे. कुणी उचलला असेल याचा त्यांना अंदाज होता, त्यांनी नाव सांगितलं नाही. "तो अडकंल, आन मीबी सुटणार न्हाई. तू लिहू नको काही."

मी लिहिलं. अण्णांना न सांगता. पुन्हा एक अख्खं पान, पुन्हा काही न लपवता: सोबतचा फोटो अमुक गाडीचा, गाडी वाकडला असते, मॅनिफोल्डवरची पिवळी रेघ माझ्या वडिलांच्या हातची आहे, ते रोज अशीच रेघ मारतात, म्हणजे माल त्यांनी कापण्यासाठी मांडून ठेवल्यानंतर दुसऱ्याच कुणीतरी नेला. ओरखड्यावर बोट ठेवून दाखवावं तसं मी त्या रेघेभोवती लाल गोल काढला. खाली माझा फोन नंबर दिला आणि कंपनीच्या ऑफिसला मेल केला. मला खात्री होती. एवढं स्पष्ट लिहिल्यावर कुणाला कळणार नाही?

सोळा दिवस काही नाही. सतराव्या दिवशी कॉलेजात वर्कशॉपचं प्रॅक्टिकल चालू असताना फोन आला. मी बाहेर व्हरांड्यात आलो. सुपरवायझर साहेब होते, आवाज चढलेला नव्हता, उलट समजावल्यासारखं बोलत होते. चौकशी संपली, म्हणाले. माझ्या मेलमुळे लवकर संपली. गाडीवाल्याला फोन केला होता, त्याने जपानहून मागवलाय म्हणून सांगितलं, जुनी पार्सलची पावतीही पाठवली. पण रेघ तर यार्डातलीच आहे आणि ती अण्णांनी मारलेली आहे, हे घरच्याच माणसाने लेखी दिलंय. म्हणजे नग शेवटचा त्यांच्याच हातात होता. पोलिसांत देणार नाही, नऊ वर्षं काम केलंय म्हणून. पण पास रद्द, आणि ठेकेदाराच्या यादीवरून नाव काढलंय, म्हणजे तो माणसं पुरवतो त्या चाकणच्या कुठल्याच गेटवर आता नाही.

त्यांना वाटलं फोन कट झाला. "हॅलो," ते म्हणाले, "ऐकताय ना? वडलांना तुम्ही सांगताय का मी सांगू?"